काम काढलंय

दांडिया बाजारात, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर,
आम्ही वाती विकतो.
फुलवात, लांबवात, तुपात बुडवून थिजवलेली,
एकशे आठचं पाकीट, ऑनलाइन.
हसू नका. मीही हसलो होतो.

बँकेतून सुटलो आणि यात पडलो.
वर्षभर दिसेल त्या गोष्टीला काम म्हणत राहिलो.
साइट नवी करायची, काम.
चिकटपट्टी संपली, काम.
अकोल्याच्या बाईंना उत्तर द्यायचं, तेही काम.
रात्री वही मिटताना वाटायचं,
काहीच झालं नाही
आणि दमलोय तर खरा.

तेव्हा भाचीने, शर्वाणीने,
भिंतीवर खडूने एक उभी रेघ मारली.
म्हणाली, मामा, तुम्ही लक्षवातींचा नेम
आणि सांजवात एकाच ओळीत लिहिता.
नेमाला आकडा असतो, उद्यापन असतं,
मेहूण जेवतं आणि सुटका.
सांजवातीला उद्यापन नाही.
तिला नुसतं उद्या आहे.

मग मला माझीच भाषा ऐकू यायला लागली.
घराला रंग लावायला घेतला की शेजारी विचारतात,
काय, काम काढलंय?
झाडू मारणाऱ्याला असं कोणी विचारत नाही.
कार्य म्हणजे मांडव, त्यात देवक बसतं, देवक उठतं.
रोजचा वरणभात कार्यात धरत नाहीत,
तो नसला की दिसतो.

रेघेच्या डावीकडे तारखा, उजवीकडे घड्याळ.
डावीकडे नवी साइट, गुढीपाडव्यापर्यंत.
श्रावणाची पेटी, दिव्यांच्या अवसेआधी.
उजवीकडे साडेदहाला ऑर्डरी काढणं,
कुसुमताई जगदाळ्यांकडून वाती मोजून घेणं
(त्या एकशे नऊ घालतात, एखादी वाकडी निघालीच तर),
चारला कुरियरचा इम्तियाज.

पाडव्याला साइट झाली. पेढे वाटले.
दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंद पडली.
मी रागाने तिला डावीकडून पुसलं, उजवीकडे लिहिलं.
शर्वाणीने अर्धी परत नेली.
बांधणं तिकडे, राखणं इकडे.
‘तक्रारी शून्यावर आणणे, मार्चअखेर’
हे मात्र मीच हलवलं, एप्रिलात, ती नसताना.
तारीख खोडताना खडू तुटला.

रोज सातला ती यायची, फतेहगंजातून, स्कूटरवर.
हेल्मेट वजनकाट्यावर ठेवायची.
नऊशे चाळीस ग्रॅम, मी रोज वाचायचो.
ती रेघेच्या कुठल्या बाजूला
हा प्रश्नच मला कधी पडला नाही.

ऑगस्ट सरता सरता ती हैदराबादला गेली, नोकरीवर.
तिची वही इथेच राहिली.
लेबलं शोधताना उघडली गेली.
तिसऱ्या पानावर, तिच्या बारीक अक्षरात:
मामांना एकट्याने चालवता येणे. पंधरा ऑगस्ट.
पुढे बरोबरची खूण.
आणि खाली, चार दिवस आधीच झालं.

अकरा ऑगस्ट.
त्या संध्याकाळी तिने मला रावपुऱ्यात नेऊन
सेवउसळ खाऊ घातली होती, दोन प्लेट.
मी कारण विचारलं, तर म्हणाली, असंच.

म्हणजे मेहूण मीच होतो.
नेमही मीच.

वही हातात धरून बराच वेळ उभा राहिलो.
वाईट वाटावं की पेढे वाटावेत,
ठरेना.
खालून इम्तियाजने हाक मारली,
काका, चालू छे?
वजनकाटा शून्यावर होता.
चालू, म्हटलं,
आणि पहिलं पाकीट ठेवलं.